काका म्हणतात ७४ हजार, मी म्हणते १ लाख ४२ हजार

या वेळचं पत्र:

"ताई, मी नाशिकची, गंगापूर रोडला राहते. दोन वर्षं झाली, बाबांच्या एका मित्राचा गंगापूर धरणाच्या बाजूला बंगला आहे तो मी सांभाळते. म्हणजे तो पाहुण्यांना भाड्याने देतो, तर बुकिंगच्या साइटवर लिस्टिंग, पाहुण्यांशी बोलणं, चाव्या, साफसफाई, गीझर बंद पडला तर माणूस पाठवणं, सगळं. काका ठाण्याला असतात. ठरलं होतं ते एवढंच की बुकिंगचे २० टक्के माझे आणि साफसफाईचे दर बुकिंगला १,५०० वेगळे. ते पण व्हॉट्सॲपवर. साइटचे पैसे थेट काकांच्या खात्यात जातात, मी नंतर बिल करते. आता नोव्हेंबर ते जानेवारीचं बिल केलं १,४२,८०० चं. काका म्हणतात माझ्या खात्यात आले ३,७३,०२०, त्याचे २० टक्के ७४,६०४, साफसफाई त्यातच आली, याच्यावर एक रुपया मिळणार नाही. वर त्यांना एक पाहुणा भेटला, तो म्हणाला मी २३,०१० भरले, आणि काकांना त्या बुकिंगचे आले १६,०२९. तर काका बाबांना म्हणाले मधले सात हजार कुठे गेले ते पोरीला विचार. ताई, मी एक रुपया खाल्लेला नाही. बाबा म्हणतात सोडून दे, चाळीस वर्षांची मैत्री आहे. पण साफसफाईच्या मावशींचे पैसे मी माझ्या खिशातून दिलेत. सोडून देऊ का? शीट, जुनी बिलं, साइटचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट सोबत पाठवतेय. — हिशोबात अडकलेली"

अगं, सोडून अजिबात द्यायचं नाही. आणि १,४२,८०० पण मागायचे नाहीत. तुझी शीट मी ओळ न् ओळ बघितली, त्यावर सविस्तर लिहिते, पण आधी त्या सात हजारांचं बोलू, कारण बाकी सगळा पैशांचा प्रश्न आहे आणि हा तुझ्या नावाचा आहे. जोवर काकांच्या डोक्यात ते सात हजार फिरतायत तोवर तू कितीही बरोबर आकडे दाखवलेस तरी ते त्यांना पटणार नाहीत.

तर ते बुकिंग घे. दोन रात्री, रात्रीचे ९,००० म्हणजे १८,००० भाडं, साफसफाई १,५००, झाले १९,५००. यावर पाहुण्याकडून १८ टक्के जीएसटी घेतला गेला, कारण रात्रीचं भाडं ७,५०० च्या वर आहे (त्याच्या आत असतं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच लागला असता). १९,५०० चे १८ टक्के ३,५१०. म्हणजे पाहुण्याने भरले २३,०१०. पाहुणा खरंच बोलत होता. पण ते ३,५१० काकांचे कधी नव्हतेच आणि तुझेही नव्हते, काकांची जीएसटी नोंदणी नाही म्हणून हा कर साइटच परस्पर सरकारला भरते, काकांच्या खात्यात तो दिसणारच नाही. मग उरलेल्या १९,५०० मधून साइटने आपली १५ टक्के फी कापली २,९२५, त्या फीवर परत १८ टक्के जीएसटी ५२६.५०, आणि टीडीएस (म्हणजे आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स) ०.१ टक्के म्हणजे १९.५०. राहिले १६,०२९. पैशापर्यंत जुळलं. सात हजारांतले ३,५१० सरकारला, ३,४५१.५० साइटच्या फीपोटी, १९.५० काकांच्याच पॅनवर इन्कम टॅक्सकडे. तुझ्या हातातून यातला एक पैसा गेलेला नाही.

हे एकच बुकिंग एका कागदावर पेनाने लिहून काकांना दे. एक्सेलची लिंक पाठवू नकोस. सत्तरीच्या माणसाला मोबाइलवर बावीस कॉलमची शीट उघडायला लावणं म्हणजे त्याला चर्चेतून बाहेर काढणं आहे, आणि बाहेर काढलेला माणूस संशयच घेणार.

आता तुझं बिल. मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका टूरच्या ऑफिसात हिशोब बघायचे, तिथे एका हॉटेलवाल्याशी आमचं असंच अडकलं होतं, आमचा आकडा वेगळा त्यांचा वेगळा, दोन महिने आम्ही फोनवर फक्त टोटल ओरडत राहिलो, तुमचे इतके निघतात, नाही नाही इतकेच निघतात. शेवटी एका दुपारी त्यांचा माणूस वही घेऊन आला आणि आम्ही एकेक बुकिंग टिक करत गेलो तर तासाभरात कळलं की चूक दोन्हीकडे होती आणि आमच्याकडची मोठी होती. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं कारण दोन महिने मी त्या माणसाला खोटं ठरवत होते. तेव्हापासून मी टोटलवर कुणाशी बोलतच नाही. एक बुकिंग, एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला साइटचा बुकिंग कोड, नाव नाही आणि तारीख पण नाही, कारण साइट पैसे सोडते चेक-इननंतर साधारण एका दिवसाने, मग मध्ये शनिवार-रविवार आला की बँकेत अजून दोन दिवस, आणि कधी कधी दोन बुकिंगचे पैसे एकत्रच जमा होतात. तारखेवरून आणि रकमेवरून जुळवायला गेलीस की जुळलेलं पण चुकीचं जुळतं. कोड मात्र कधी बदलत नाही.

असं मी तुझ्या २६ ओळींचं केलं. खरे मुक्काम निघाले २४.

एक ओळ आहे ३१ डिसेंबरची. ३१ ला आले, ३ जानेवारीला गेले, तीन रात्री १४,००० ने, ४२,०००. ती तू डिसेंबरमध्ये पण धरलीस आणि जानेवारीत पण, एकच कोड आहे बघ. त्याचे जास्तीचे कमिशन ८,४०० आणि साफसफाई १,५००, म्हणजे ९,९००. दुसरी ओळ, दोन रात्रींची, आठवडाभर आधीच कॅन्सल झाली आणि पाहुण्याला पूर्ण रिफंड गेला. काकांना त्याचा रुपया मिळाला नाही, मावशी आल्या नाहीत, तरी बिलात ३,६०० अधिक १,५०० म्हणजे ५,१०० धरलेत. तिसरी गोष्ट सगळ्या ओळींत आहे. तू २० टक्के लावलेत भाडं अधिक साफसफाई यांच्या बेरजेवर, आणि साफसफाईचे १,५०० परत वेगळे पण घेतलेस. म्हणजे ज्या १,५०० ची तू भरपाई घेतेयस त्याच्यावर ३०० कमिशन पण. २६ ओळींचे ७,८०० झाले. काकांना नेमकं सांगता आलं नाही, पण साफसफाईचं काहीतरी दोनदा लागतंय हा वास त्यांना बरोबर आला होता.

तिन्ही मिळून २२,८००. तुझं बिल येतं १,२०,००० वर. म्हणजे २४ मुक्कामांचं भाडं ४,२०,०००, त्याचे २० टक्के ८४,०००, आणि साफसफाई २४ वेळा १,५०० म्हणजे ३६,०००.

आता चौथी गोष्ट, आणि ही वाचताना मला खरंच काळजी वाटली. साइटच्या बाहेरून, ओळखीतून जी दोन थेट बुकिंग झाली, मिळून ४६,००० ची, त्यात दोघांनी ५,०००-५,००० ॲडव्हान्स तुझ्या गुगल पेवर टाकलाय. बाकीचे ३६,००० काकांना गेले. शीटच्या कोपऱ्यात तू 'जीपे १०,०००' असं लिहून ठेवलंयस पण बिलात ते कुठेच वजा नाहीत, आणि तुझ्या पत्रावरून वाटतं की काकांना हे माहीत पण नाही. मला माहितीये तू ते लपवलं नाहीस, लपवणारी मुलगी शीट सोबत जोडत नाही. पण विचार कर, उद्या त्या दोनपैकी एक पाहुणा परत बंगल्यावर आला आणि सहज म्हणाला की ॲडव्हान्स बंगला सांभाळणाऱ्या ताईंना दिला होता. मग सात हजारांचं तू कितीही नीट समजावलेलं असू दे. म्हणून हे १०,००० काकांना तूच सांगायचे, आणि पहिल्याच मेसेजमध्ये.

हे १०,००० बिलातून कमी करायचे नाहीत हं. बिल १,२०,००० चंच. त्यातले १०,००० तुला आधीच मिळालेत म्हणून येणं १,१०,०००. फरक छोटा वाटतो पण रिटर्न भरताना तुझी जमा हे १०,००० वजा न करता पूर्ण बिलाइतकी धरायची, आणि काकांच्या भाड्याच्या उत्पन्नात ४६,००० पूर्ण धरले पाहिजेत, ३६,००० नाही.

आता काकांची बाजू बघू. त्यांनी सरळ बँकेचा आकडा धरला. त्यात तीन गोष्टी सुटल्या. साफसफाई वेगळी ठरली होती, 'त्यातच आली' असं कुठे ठरलं नव्हतं, तुझ्या व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये स्वच्छ लिहिलंय आणि खाली काकांचा अंगठा आहे. ३६,००० हे तू मावशींना दिलेले पैसे आहेत आणि त्यावर घासाघीस होऊच शकत नाही. दुसरं, टीडीएस. साइटवरच्या २२ बुकिंगचा मिळून ४१० रुपये कापला गेलाय, तो खर्च नाही, काकांचाच आधी भरलेला कर आहे, त्यांच्या २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचं सरकारी पत्रक) दिसेल आणि रिटर्न भरताना त्यांना त्याचं श्रेय मिळेल. रक्कम किरकोळ आहे पण तो तुझ्या कमिशनच्या हिशोबातून वजा व्हायचं काही कारण नाही. तिसरं ते १०,०००, जे त्यांना माहीतच नव्हते.

हे सगळं दोन्हीकडून साफ केलं की मागे उरतो एकच मुद्दा, साइटची फी. २२ बुकिंगची रक्कम ४,१०,०००, त्यावर फी ६१,५०० आणि फीवरचा जीएसटी ११,०७०, एकूण ७२,५७०. तुझे २० टक्के ही फी कापायच्या आधी मोजायचे की नंतर? आधी मोजले तर १,१०,००० येणं. नंतर मोजले तर ९५,४८६. फरक १४,५१४.

थांब आणि हा आकडा परत वाच. तुम्ही दोघं ६८,१९६ रुपयांवर भांडताय असं तुम्हाला वाटतंय, त्याच्यावर चाळीस वर्षांची मैत्री टांगलीये, बाबांची झोप उडालीये, आणि खरा मतभेद आहे १४,५१४ चा. बाकी सगळं दोन बाजूंच्या चुका आणि एका शब्दाचा घोळ. तो शब्द म्हणजे 'बुकिंगचे'. 'बुकिंगचे २० टक्के' म्हणताना तुझ्या डोक्यात होती पाहुण्याला दिसणारी रक्कम, काकांच्या डोक्यात होती खात्यात येणारी. दोघांचंही मराठी बरोबर आहे.

पण मग हा प्रश्न गेल्या वर्षी का नाही आला? मी तुझी जुनी बिलं बघितली, तेव्हाही तू फीच्या आधीच्या रकमेवर लावायचीस आणि काका निमूट द्यायचे. याचं उत्तर तुझ्या साइटच्या स्टेटमेंटमध्येच आहे. गेल्या हंगामात साइट काकांकडून ३ टक्के घ्यायची आणि बाकीची फी पाहुण्याच्या बिलावर वेगळी लावायची. जीएसटी धरून काकांचे ९,००० मागे ३१८.६० जायचे, हातात ८,६८१. या हंगामात फीची पद्धत बदलली, सगळी फी आता यजमानाच्या हिश्शातून, ९,००० मागे १,५९३, हातात ७,४०७. रात्रीमागे जवळजवळ १,२७५ रुपये काकांचे कमी झाले आणि तुझं कमिशन मात्र होतं तेवढंच, १,८००. त्यांना एवढंच जाणवलं की बंगला तर भरलेला दिसतोय, द्राक्षाच्या दिवसांत मुंबईची गर्दी तर नेहमीसारखी आहे, आणि पैसे कमी येतायत. मग माणूस काय विचार करणार.

आणि इथे मला तुला एक कडू सांगायचंय. फीची पद्धत बदलली की भाड्याचा आकडा बदलायचा असतो. काकांच्या हातात पूर्वीइतकेच पडायला हवे असतील तर ९,००० च्या जागी साधारण १०,५५० लावायला हवे होते. पाहुण्याला पूर्वी वरून वेगळी फी दिसायची ती आता दिसत नाही, म्हणजे त्याच्या खिशातून थोड्याफार फरकाने तेवढेच गेले असते. हे बघणं काकांचं काम नाही गं, ते ठाण्यात बसून साइटचे मेल वाचणार नाहीत, ते काम त्यांनी तुला दिलंय आणि त्याचेच तर २० टक्के आहेत. तुला मेल आला असेल, हंगामाच्या गडबडीत राहून गेला असेल, होतं. पण त्या राहून गेल्याची सगळी किंमत काकांनी भरली आणि तुझं कमिशन शाबूत राहिलं, हे त्यांना न्याय्य वाटणार नाही आणि मलाही वाटत नाही.

म्हणून माझं मत असं, की ठरल्याप्रमाणे आणि गेल्या वर्षीच्या वहिवाटीप्रमाणे १,१०,००० हा तुझा आकडा बरोबर आहे, तो तू ठामपणे मांड. आणि मग स्वतःहून त्या १४,५१४ मधले अर्धे, ७,२५७ सोड. काकांनी मागायच्या आधी. पूर्ण सोडू नकोस, कारण पूर्ण सोडलेस तर त्याचा अर्थ तुझी पद्धतच चूक होती असा होतो, तशी ती नव्हती. येणं राहतं १,०२,७४३.

कागदावर हे कसं करायचं, तर जुनं बिल डिलीट करून त्याच नंबरचं नवं बनवू नकोस. लोक सर्रास असं करतात आणि मग सहा महिन्यांनी दोघांकडे एकाच नंबरची दोन वेगळी बिलं असतात. जुनं १,४२,८०० चं तसंच ठेव, त्याच्यासमोर ३०,०५७ ची क्रेडिट नोट (बिलातून एवढे कमी केले अशी चिठ्ठी) काढ, त्यात लिही की २२,८०० चुकीची दुरुस्ती आणि ७,२५७ सूट, मग १,१२,७४३, त्यातून मिळालेले १०,००० वजा. तुझी जीएसटी नोंदणी नाही (सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर लागत नाही) त्यामुळे साध्या कागदावर सही करून दिलीस तरी चालेल. नोंदणी असती तर त्याचे नियम वेगळे लागले असते.

काकांना आधी मेसेज कर, पण हिशोब मांडायला नाही, भेट मागायला. मी असा लिहिला असता:

"काका नमस्कार. बिलाचं मी परत पहिल्यापासून बघितलं, माझ्या बाजूने काही चुका झाल्यात त्या मला तुम्हाला स्वतः दाखवायच्यात. दोन थेट बुकिंगचे १०,००० ॲडव्हान्स माझ्याकडे आलेत तेही बिलात धरायचे राहिले होते. त्या पाहुण्यांच्या २३,०१० चा पण पूर्ण हिशोब लिहून आणते. रविवारी मी ठाण्याला येऊ का? तासभर लागेल."

एवढंच. 'तुमच्याकडूनही' काही सुटलंय वगैरे आत्ता लिहू नकोस, ते समोर बसल्यावर आकडाच सांगेल. आणि ठाण्याला खरंच जा. पंचवटी एक्सप्रेस पकड, कसारा घाट उतरेपर्यंत तुझी उजळणी होईल. त्यांनी इकडे यायची वाट बघत बसलीस तर ते बाबांच्या घरी येणार, बाबा मध्ये बसणार, चहा-पोहे होणार आणि बाबा म्हणणार जाऊ दे रे, मुलगी आहे आपली, आणि हिशोब तसाच राहणार. बाबांना आधी सांग की बाबा, तुम्ही या वेळी येऊ नका, तुमची मैत्री मला जपायचीच आहे म्हणून मी एकटी जातेय. बाबांना वाईट वाटेल थोडं. पण काकांना तुझ्याशी व्यवहाराचं बोलायला जागा मिळेल, मित्राच्या मुलीशी नाही.

जाताना साइटवरून तिन्ही महिन्यांचा व्यवहाराचा तपशील डाउनलोड करून प्रिंट काढ, स्क्रीनशॉट नको. कोडप्रमाणे क्रम लाव. काकांना त्यांचं पासबुक घ्यायला सांग आणि त्यांच्या हातात पेन दे, टिक त्यांना करू दे. तू वाचायचं, त्यांनी टिक करायची. पहिल्या चार-पाच ओळी त्यांना वेळ लागेल, मध्येच कुठेतरी चिडतील, म्हणतील हे काय १५ टक्के घेतात का हे लोक, तेव्हा साइटची बाजू घेऊ नकोस, घेतात काका एवढंच म्हण. दहाव्या ओळीपर्यंत ते स्वतःच पुढची ओळ मागायला लागतील.

मावशींच्या ३६,००० साठी तुझ्याकडे पावत्या नसतील, रोख दिले असतील तर मावशींकडून तारखांची एक यादी लिहून घे. आणि इथून पुढे गुगल पेनेच देत जा, त्यांच्याकडे नसेल तर त्यांच्या मुलाच्या नंबरवर, त्यांना विचारून.

मग हिशोब मिटला की त्याच बैठकीत पुढचं ठरवून घे, घरी येऊन नाही. माझं ऐकशील तर इथून पुढे कमिशन फी कापल्यानंतरच्या भाड्यावर घे, पण २१ टक्के. १०,५५० लावले तर काकांच्या हातात ८,६८२ पडतात, त्याचे २१ टक्के १,८२३, म्हणजे तुझं काहीच कमी होत नाही, उलट २३ रुपये जास्त. आणि काकांना साइटच्या स्टेटमेंटवर दिसेल त्याच रकमेवर तुझं बिल दिसेल, तर त्यांना कधी शंका येणार नाही, आणि उद्या साइटने फी अजून वाढवली तर तुलाही ती टोचेल, म्हणजे तू वेळेवर भाडं बदलशील. साफसफाईचे साइटवर १,८५० कर, कारण त्याच्यावरपण फी जाते, १,८५० लावले तर १,५२२ उरतात. आत्ता १,५०० लावून मावशींना १,५०० देताय तर दर वेळी २६५ रुपये काकांच्या खिशातून जातायत आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाहीये.

कॅन्सलेशनचं लिहा, की साइटने काकांना जेवढे ठेवले तेवढ्यावरच कमिशन. महिना कुठला धरायचा ते लिहा, माझ्या मते चेक-आउटचा, म्हणजे ३१ डिसेंबरसारखा घोळ ३१ मार्चला होणार नाही, तेव्हा तर आर्थिक वर्षच बदलतं. थेट बुकिंगचा ॲडव्हान्स कुणाच्या खात्यात, ते लिहा, काकांच्याच घ्या शक्यतो. आणि बिल दर महिन्याच्या ५ तारखेला, तीन महिन्यांचं एकदम कधीच नाही. तीन महिन्यांचा आकडा बघूनच माणूस दचकतो, तेच ३५-४० हजार महिन्याला गेले असते तर पहिल्याच महिन्यात फीची गोष्ट निघाली असती. एक पानाचा मजकूर, दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत.

तू विचारलं नाहीस पण सांगून ठेवते, समजा काकांनी भेटच नाकारली, तर घाबरून लगेच नोटीस वगैरे पाठवू नकोस. थकलेल्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीत समोरच्याने 'एवढे देणं आहे' असं सही करून लिहून दिलं तर तिथून मुदत नव्याने मोजतात. सीबीएस बसस्थानकाजवळ आपल्या नाशिकच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे दावा न लावता आधी मध्यस्थीसाठी जाता येतं. पण मला नाही वाटत तुला तिथवर जावं लागेल. जो माणूस बाबांना 'पोरीला विचार' म्हणतो त्याला उत्तर हवं असतं, त्याने दार लावलेलं नसतं.

२०२७ चा सिंहस्थ येतोय, त्र्यंबकच्या वाटेवरच्या आणि धरणाच्या बाजूच्या घरांना तेव्हा किती मागणी असेल ते तुला मी सांगायला नको, तोपर्यंत हे कागद आणि भाडी दोन्ही नीट बसलेली हवीत.

आणि आज रात्री, ठाण्याला जायच्या आधीच, काकांना फोन करून विचार की काका भाडं ९,००० वरून १०,५५० करू का, साइटची फी वाढलीये म्हणून. ते हो म्हणाले की लगेच बदल. येत्या शनिवार-रविवारचं बुकिंग अजून ९,००० लाच पडतंय.